मानसशास्त्राचे सहा दृष्टिकोन : एकाच माणसाकडे पाहण्याच्या सहा रीती

सोयाबीन काढणीला येतं आणि नेमका परतीचा पाऊस सुरू होतो, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही. शेंगांना कोंब फुटतात, दाणा काळा पडतो आणि मोंढ्यात त्या मालाला भाव मिळत नाही. मानसशास्त्रातले मुख्य दृष्टिकोन समजून घेण्यासाठी अशाच एका हंगामानंतरचं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण अनोळखी वाटणार नाही.

जिंतूर तालुक्यातला पंचेचाळीस वर्षांचा एक शेतकरी. पाच एकर कोरडवाहू जमीन. पीक कर्ज थकलेलं, कृषी सेवा केंद्रावर खत-बियाण्यांची उधारी, मुलीचं लग्न पुढच्या वर्षावर आलेलं. दिवाळीनंतर तो बदलला. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. पारावर जाणं बंद. बैलांच्या चाऱ्यापाण्याकडेही लक्ष नाही. विचारलं तर एवढंच म्हणतो, "डोकं दुखायलंय, हातापायात जीव नाही."

घरात आणि गावात प्रत्येकाकडे कारण तयार आहे. तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, अंगात ताकद नाही, रक्त तपासून घ्या. म्हातारी आई म्हणते, वडील गेल्यापासूनच हा असा मिटल्यासारखा झाला. भाऊ म्हणतो, घरात बसून बसून बसायचीच सवय लागली. बायको म्हणते, रात्रंदिवस डोक्यात एकच विचार चालू असतो. शाळेपासूनचा मित्र म्हणतो, सगळे त्याला शहाणपण शिकवतात, त्याचं ऐकून कोणी घेत नाही. आणि ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणतो, भाव मिळाला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

यांच्यापैकी कोणीही मानसशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. तरी या सहा जणांनी मिळून त्या विषयातले सहा मुख्य दृष्टिकोन सांगून टाकले आहेत : जैविक, मनोगतिकीय, वर्तनवादी, बोधात्मक, मानवतावादी आणि सामाजिक-सांस्कृतिक. परीक्षेच्या तयारीत हे दृष्टिकोन एकाखाली एक पाठ केले जातात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यातल्या फरकावर बरंच काही अवलंबून असतं. कारण कुठे शोधलं, यावर मदत कुठे पोहोचणार आणि दोष कोणाच्या माथी जाणार, हे ठरतं.

१. जैविक दृष्टिकोन : शरीरात काय बिघडलं आहे?

या दृष्टिकोनाचा पाया असा की मन मेंदूच्या आधाराने चालतं आणि मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. त्यामुळे झोप, भूक, उत्साह यांत मोठा बदल झाला तर आधी शरीराकडे पाहावं.

याला बळ देणारी एक जुनी घटना क्षयरोगाच्या इतिहासात सापडते. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना इप्रोनायझिड हे नवं औषध दिलं जात होतं. त्यातले काही रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झाले. क्षयासाठीचं औषध मनःस्थिती बदलतं, या निरीक्षणातून नैराश्यावरच्या औषधांचा शोध सुरू झाला. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतूनही नैराश्यात आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो. लोकसंख्येत नैराश्याच्या बाबतीत जो फरक आढळतो, त्यातला साधारण ३५ ते ४० टक्के भाग आनुवंशिक घटकांशी जोडता येतो. आई-वडिलांना नैराश्य असेल तर मुलाला ते होणारच, असा याचा अर्थ नाही. काहींची जमीन आधीच थोडी उताराची असते, एवढाच अर्थ आहे.

आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत हा दृष्टिकोन एक महत्त्वाचं काम करतो. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांतही माणूस असाच गळून जातो. त्यामुळे रक्त तपासण्याचा सल्ला योग्यच आहे. तपासणीत काही सापडलं नाही आणि नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल, तर औषधांचा उपयोग होतो. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नसतात.

मर्यादाही स्पष्ट आहेत. 'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं' हे लोकप्रिय स्पष्टीकरण आज फारच ढोबळ मानलं जातं. औषध काम करतं, यावरून रोगाचं कारण सिद्ध होत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप आला असं कोणी म्हणत नाही. शिवाय गोळी झोप परत आणू शकते, उधारी फेडू शकत नाही.

२. मनोगतिकीय दृष्टिकोन : जुनं काय अजून आत चालू आहे?

व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून ही परंपरा सुरू होते. मनाचा मोठा भाग आपल्या जाणिवेच्या खाली असतो आणि बालपणातले संबंध पुढच्या आयुष्यात न ओळखता येणाऱ्या रूपात पुन्हा पुढे येतात, ही तिची मुख्य मांडणी. भारतात हा विचार लवकर पोहोचला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि काही बाबतींत मतभेदही होते.

१९१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात फ्रॉइड यांनी शोक आणि विषण्णता यांत फरक केला. शोकात माणसाला जग रिकामं वाटतं, विषण्णतेत तो स्वतःलाच कवडीमोल ठरवतो. गमावलेल्या माणसावरचा न बोललेला राग आतल्या आत स्वतःवर उलटतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता म्हाताऱ्या आईचं बोलणं पुन्हा ऐकू. वडिलांनी कधी कर्ज काढलं नव्हतं. 'जमीन राखली तोच खरा कुणबी' हे ते पोराला ऐकवत आले. वडील गेले, जमीन वाट्याला आली आणि त्यांचा तो आवाजही वाट्याला आला. पीक बुडालं तेव्हा बँकेची नोटीस यायच्या आधी आतल्या आवाजाने निकाल दिला होता. एकाच पावसात पीक गमावलेले दोन शेतकरी सारखेच का कोसळत नाहीत, याचं एक उत्तर या दृष्टिकोनाकडे आहे.

पण त्याच्या बऱ्याच मांडण्या तपासून पाहणं अवघड असतं. रुग्णाने मान्य केलं तर सिद्धांत बरोबर, नाकारलं तर 'आतून विरोध आहे' म्हणून पुन्हा सिद्धांतच बरोबर, अशी पळवाट त्यात राहू शकते. वर्षानुवर्षं चालणारं विश्लेषण जिंतूरहून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला येऊन परवडणारंही नाही. आधुनिक मनोगतिकीय उपचार पुष्कळ लहान केले गेले आहेत आणि त्यांच्या चाचण्याही झाल्या आहेत, तरी खर्च आणि उपलब्धता हा प्रश्न राहतोच.

३. वर्तनवादी दृष्टिकोन : माणूस काय करतो आणि त्यानंतर काय घडतं?

१९१३ साली अमेरिकेच्या जॉन वॉटसन यांनी ठामपणे मांडलं की मानसशास्त्राला विज्ञान व्हायचं असेल तर जे दिसतं आणि मोजता येतं, त्या वर्तनाचाच अभ्यास करावा. पुढे बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं की एखाद्या कृतीनंतर सुख मिळालं किंवा त्रास टळला, तर ती कृती पुन्हा पुन्हा होते. याला प्रबलन म्हणतात.

आपला शेतकरी पारावर गेला की कोणीतरी विचारतं, "मग, बँकेचं काय झालं?" तो जाणं टाळतो. टाळल्याबरोबर जीव हलका होतो, आणि तो हलकेपणा टाळण्याची सवय पक्की करतो. पण पारावर नुसता तगादा नव्हता, हसणंखिदळणंही होतं. तेही सुटतं. शेतात जाणं सुटलं की काम हातावेगळं झाल्याचं समाधानही सुटतं. मन आणखी उदास होतं, उदास मन आणखी टाळतं. भाऊ ज्याला आळस म्हणतो ते खरं तर एक चक्र आहे, आणि आळशी म्हटल्याने ते तुटत नाही.

ते तोडण्याची रीत साधी दिसते : मन लागायची वाट न पाहता छोट्या कामाला सुरुवात करायची. सकाळी बैलांना पाणी दाखवायचं, आठवड्यातून एकदा एका माणसाकडे चहाला जायचं, आणि त्यानंतर कसं वाटलं याची नोंद ठेवायची. हिचा कस शेजारच्या गोव्यात लागला आहे. 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर चाचणी केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी मुख्यतः हीच पद्धत वापरली. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातली नेहमीची, पण थोडी सुधारलेली सेवाच मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

जुन्या, कडक वर्तनवादाची उणीव ही की त्याने माणसाच्या डोक्यात काय चाललं आहे याला फारसं महत्त्व दिलं नाही. पारावर जाणं टाळणारे दोघे असतील, एक लाजेपोटी आणि दुसरा रागापोटी. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

४. बोधात्मक दृष्टिकोन : घडलेल्या गोष्टीचा तो काय अर्थ लावतो?

एरन बेक हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मुळात मनोविश्लेषण शिकलेले. नैराश्याच्या रुग्णांच्या स्वप्नांत दबलेला राग सापडेल, या अपेक्षेने त्यांनी अभ्यास सुरू केला. प्रत्यक्षात त्यांना अपयश आणि हानी यांचेच विचार सापडले. मग त्यांनी फ्रॉइड यांची वाट सोडली आणि १९६० च्या दशकात बोधात्मक उपचारपद्धती उभी केली. नैराश्यात माणूस तीन ठिकाणी काळोख पाहतो, असं त्यांनी मांडलं : स्वतःत, जगात आणि भविष्यात. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस सांगत होते की घटना आणि भावना यांच्या मध्ये विचार असतो आणि तो विचार तपासता येतो. एलिस यांची ही विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांना विशेष परिचित आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेनेही ती लोकांपर्यंत नेली.

शेतकऱ्याच्या डोक्यातल्या दोन वाक्यांकडे पाहा. 'यंदाचं पीक गेलं' हे एक. 'मी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही' हे दुसरं. पहिली वस्तुस्थिती आहे, दुसरा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. रात्री तीनला ही दोन्ही वाक्यं एकच वाटतात. बोधात्मक उपचार ती वेगळी करायला शिकवतो. पहिल्या वाक्यावर वाद नाही, दुसऱ्याचा पुरावा मागायचा.

इथेही धोका आहे. 'तुझे विचार चुकीचे आहेत' हे वाक्य चुकीच्या माणसाने चुकीच्या वेळी म्हटलं तर ते उपदेश ठरतं. शेतकऱ्याची काळजी सगळीच विकृत नसते. कर्ज खरं आहे. शिवाय परिस्थिती विचार करण्याच्या ताकदीवरच घाला घालते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. त्याच माणसांची काढणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि काढणीनंतर, पैसे हातात आल्यावर, अशी दोनदा चाचणी घेतली गेली. काढणीपूर्वी त्यांची आकलनाची कामगिरी कमी भरली. म्हणजे तंगीच्या काळात नीट विचार करायला सांगणं हे रिकाम्या बैलगाडीपेक्षा भरलेली गाडी चढावर ओढायला सांगण्यासारखं आहे.

५. मानवतावादी दृष्टिकोन : त्याचं कोणी ऐकून घेतं आहे का?

विसाव्या शतकाच्या मध्यावर अब्राहम मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स यांना वाटू लागलं की मनोविश्लेषण माणसाला जुन्या जखमांचा कैदी समजतं आणि वर्तनवाद त्याला यंत्र समजतो. माणसात वाढण्याची स्वतःची ओढ असते, असा त्यांचा विश्वास. १९५७ साली रॉजर्स यांनी मदत करणाऱ्याकडे हव्यात अशा मुख्य गोष्टी सांगितल्या. बोलण्यात सच्चेपणा हवा, समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारायला हवं आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेता यायला हवं.

शेतकऱ्याच्या मित्राने नेमकं हेच ओळखलं होतं. बँकेसाठी तो थकबाकीदार आहे, पंचनाम्यात बाधित क्षेत्राचा खातेदार, दवाखान्यात केसपेपर. 'टेन्शन घेऊ नका' हे त्याला दिवसातून चार जण सांगतात आणि त्याच वाक्याने विषय संपवतात. त्याला काय वाटतं हे शेवटपर्यंत ऐकणारा माणूस भेटणं, हाच इथे उपचाराचा पाया मानला जातो.

या दृष्टिकोनाचा वारसा आता सगळ्याच उपचारपद्धतींनी उचलला आहे. पद्धत कोणतीही असो, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातला विश्वास परिणाम ठरवण्यात मोठा वाटा उचलतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मात्र 'आत्मविकास' यासारख्या कल्पना मोजणं कठीण असतं. आणि ज्याने आठ दिवस धड खाल्लं-झोपलं नाही, ज्याच्या मनात मरणाचे विचार येत आहेत, त्याला नुसतं मनापासून ऐकणं पुरत नाही. तिथे तातडीची वैद्यकीय मदत लागते.

६. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन : त्याच्या भोवती काय आहे?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर अगदी खासगी वाटणाऱ्या या कृतीचं प्रमाण समाजागणिक बदलतं, म्हणून तिची मुळं समाजातही शोधली पाहिजेत, असं त्यांनी दाखवलं. मानसशास्त्रानेही पुढे हा धडा घेतला.

या बाजूने अलीकडचा भक्कम पुरावा इंडोनेशियातून आला. तिथे गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे आधी आणि नंतर मदत मिळालेल्या भागांची तुलना करता आली. मदतीमुळे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना दिसलं. पावसाअभावी शेतीचं उत्पन्न बुडालं की प्रमाण वाढतं, हेही त्यांनी नोंदवलं. ग्रामपंचायत सदस्याचं म्हणणं म्हणजे नुसतं राजकारण नाही.

संस्कृती दुःखाची भाषाही ठरवते. मराठवाड्यातला शेतकरी 'मी उदास आहे' असं क्वचित म्हणतो. तो डोकेदुखी सांगतो, हातापायातला जीव गेल्याचं सांगतो. पुरुषाने रडू नये, घरातलं बाहेर बोलू नये, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. काही घरांत हीच लक्षणं करणी किंवा बाहेरची बाधा ठरतात आणि पहिला खर्च देवरुष्याकडे होतो.

हाच दृष्टिकोन आणखी एक गोष्ट दाखवतो, जी बाकीच्या पाचांच्या नजरेतून सुटू शकते. या गोष्टीत सगळे नवऱ्याबद्दल बोलत आहेत. कापूस वेचायला जाणारी, घर चालवणारी आणि नवऱ्यावर रात्रभर लक्ष ठेवणारी बायको कशी आहे, हे कोणी विचारलेलं नाही. झोप तिचीही गेली आहे. सातबारा तिच्या नावावर नाही म्हणून तिचं दुःख 'शेतकऱ्याचं दुःख' या नावाखाली मोजलंही जात नाही.

उणीव अशी की समाजाकडे पाहताना माणूस निसटू शकतो. पाऊस सगळ्या गावावर पडला. मग हाच का अंथरुणाला खिळला? याचं उत्तर एकट्या बाजारभावात सापडत नाही.

भांडण कुठे आहे?

सहाही दृष्टिकोन शेजारी ठेवले की मतभेदाच्या तीन रेषा दिसतात.

पहिली रेषा काळाची. मनोगतिकीय दृष्टिकोन मागे जातो. वर्तनवादी आणि बोधात्मक दृष्टिकोन, सुरुवात कशीही झाली असो, आज ते काय टिकवून धरतं हे पाहतात. मानवतावादी दृष्टिकोन माणूस पुढे काय होऊ शकतो याकडे बघतो.

दुसरी रेषा आत-बाहेरची. जैविक, मनोगतिकीय आणि बोधात्मक दृष्टिकोन मुख्यतः माणसाच्या आत शोधतात. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन बाहेर पाहतो, आणि वर्तनवादी माणूस व परिसर यांच्या देवाणघेवाणीत.

तिसरी रेषा पुराव्याची. वर्तनवादी, बोधात्मक आणि जैविक उपचारांच्या चाचण्या तुलनेने सोप्या, म्हणून त्या जास्त झाल्या. एखाद्या पद्धतीचा पुरावा कमी असणं आणि ती निरुपयोगी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पुरावा नसताना खात्री देणंही योग्य नाही.

या रेषा कायद्यापर्यंत जातात. भारतीय दंड विधानाचं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानत होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरावं आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, अशी भूमिका घेतली. माणूस तोच, कृतीही तीच. बघण्याची रीत बदलली आणि पोलिसाच्या जागी समुपदेशक आला.

मग बरोबर कोण?

१९७७ साली अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी सुचवलं की आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही पातळ्यांवर एकत्र पाहावं. आज बहुतेक तज्ज्ञ ही चौकट मान्य करतात. पण 'सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर' म्हणून थांबणं ही सोपी सुटका आहे. दारात उभ्या असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला सहा गोष्टी एकदम करता येत नाहीत. तिला क्रम लागतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २०१५-१६ च्या सुमारास राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या परभणीसह चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला. आशा ताईंनी घरोघरी जाऊन तणावाची लक्षणं ओळखायची आणि गरज असलेल्यांना आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, अशी ती रचना. त्याआधी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला होता. त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांचं समुपदेशन, डॉक्टरांची औषधं आणि गावात मोकळेपणाने बोलणं यांची सांगड होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झालं. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी उपक्रम नसलेली गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमालाच देता येणार नाही. तरी सहा दृष्टिकोन एका गावात एकत्र कसे नांदू शकतात, हे त्यातून दिसलं.

तोच अनुभव जिंतूरच्या त्या घरी लावून पाहू. आशा ताई येते तेव्हा पहिलं काम ऐकण्याचं असतं. डोकेदुखी म्हणजे डोकेदुखीच असं न धरता ती झोपेबद्दल आणि भुकेबद्दल विचारते. मग सरळ विचारते, "दादा, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत खरी नाही. उलट बोलायला जागा मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही. तसं नसेल तर रक्ततपासणी आणि डॉक्टर. मग रोजचं एक छोटं काम. मग रात्री तीनची ती दोन वाक्यं वेगळी करणं. कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी आणि पीक विम्याचा अर्ज हेही याच यादीत येतं. ते उपचाराबाहेरचं काम नाही. आणि वडिलांच्या आठवणी निघाल्या तर त्या अडवायच्या नाहीत.

पारावरच्या सहा जणांपैकी कोणीच चुकीचं बोलत नव्हतं. आपलंच उत्तर पुरेसं आहे असं प्रत्येकाला वाटलं, तिथे चूक झाली. फक्त गोळी दिली तर कर्ज तसंच राहतं. फक्त कर्जमाफीबद्दल बोललं तर बरा होऊ शकणारा आजार तसाच राहतो. फक्त 'विचार बदल' म्हटलं तर बुडालेल्या पिकाचा दोषही शेतकऱ्याच्याच पदरात पडतो.

आणि निघताना आशा ताईने दारात उभ्या बायकोलाही एक प्रश्न विचारायला हवा, "वहिनी, तुम्हाला झोप लागते का?"

मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येतं.